घरची माणसं मागाहून

“आधी तो गजरा काढा, वहिनी.”

“का गो? ताजा हाय. आत्ता तर माळलाय.”

“तुमचा नवरा भर समुद्रात अडकलाय. गजरा माळून सांगितलंत तर कोण विश्वास ठेवणार आहे?”

सुगंधावहिनींनी गजरा काढला, पण टाकवेना त्यांना. ओटीवरच्या देवाच्या तसबिरीला तो घातला, पदर सारखा केला आणि पुन्हा प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसल्या. समोर स्टुलावर तांदळाचा डबा, डब्याला टेकवलेला माझा मोबाइल आणि त्याच्या मागे मी. आतल्या दारात त्यांच्या सासूबाई, म्हणजे साऱ्या गावाच्या जीजी, तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

“सन्माननीय व्यासपीठ,” वहिनींनी सुरुवात केली, “आणि इथं जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो...”

“वहिनी!”

“बचत गटात असंच बोलतात गो.”

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या खेपेला कोंबडा आरवला. तिसऱ्या खेपेला मी लिहून दिलेला कागद त्यांनी शाळेतल्या प्रतिज्ञेसारखा म्हणून दाखवला आणि शेवटी स्वतःच हसल्या. हसणाऱ्या बाईचा व्हिडिओ घेऊन मी कुठे जाणार होते?

मी तेव्हा तालुक्याच्या गावी एका कोचिंग क्लासच्या जाहिराती फेसबुकवर टाकायची. ‘शंभर टक्के निकाल, प्रवेश मर्यादित’ असला मजकूर. प्रवेश कधीच मर्यादित नव्हते, पण लोक फोन करायचे. तेवढ्या भांडवलावर गावानं हे काम माझ्या गळ्यात घातलं होतं. शिवाय माझा धाकटा भाऊ साईल त्याच जहाजावर होता, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

जहाजाचं नाव मर्जाना. आखातातल्या एका बंदराबाहेर ते नांगर टाकून उभं होतं आणि मालकानं ते जहाज माणसांसकट वाऱ्यावर सोडलं होतं. ना फोन उचलत होता, ना धान्य पाठवत होता. तिथल्या कोर्टानं जहाज अडकवून ठेवलेलं, त्यामुळे माणसांना उतरायची परवानगी नाही. कप्तान आजारपणाचं निमित्त करून आधीच सटकला होता. उरले अकरा जण. त्यातले चार आमच्या नांदेरी गावचे: साईल, त्याच्याबरोबरीची दोन पोरं, आणि सुगंधावहिनींचे यजमान दत्तारामभाऊ. भाऊ जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. पोरांना त्यांनीच नेलं होतं. आमच्या घरी येऊन, आईच्या हातचा चहा पिऊन ते म्हणाले होते, “मी हाय ना, काळजी कशाला करतंस?” वहिनींना मूलबाळ नव्हतं. गावातली निम्मी पोरं भाऊंनीच बोटीवर लावलेली, तीच त्यांची पोरं.

तोवर मी महिनाभर पोस्टी टाकून थकले होते. ‘मदत करा, न्याय द्या, जास्तीत जास्त शेअर करा.’ शेअर कोण करणार? आमचे मामा, मावश्या आणि क्लासचे सर. मंत्र्यांना, वकिलातीला, सगळ्यांना टॅग करून झालं होतं. कुणी ढुंकून बघत नव्हतं. साईलचे निरोप यायचे, गस्तीची बोट जवळून गेली की त्यावरच्या कुणाचं तरी नेट मागून घेतलेले. आधी लांबलचक बोलायचा. मग तोडकं बोलायला लागला. शेवटच्या निरोपात तो फक्त म्हणाला होता, “ताई, एसीचं पाणी गाळून पितोय. आईला सांगू नको.”

ते मी वहिनींना त्या ओटीवर ऐकवलं. ऐकवायचं ठरवलं नव्हतं, वैतागून ऐकवलं. मोबाइल पुन्हा डब्याला टेकवला आणि म्हटलं, “भाषण नको, कागद नको. तुम्हाला काय हवंय तेवढं सांगा.”

वहिनी मोबाइलकडे न बघता, माझ्याकडे बघत बोलायला लागल्या.

“ही पोरं माझ्या नवऱ्यानं नेली. आयांना शब्द देऊन नेली. आता त्यांच्या पोटात अन्न नाय. मी रोज भात रांधते, तो घशाखाली उतरत नाय. हात जोडून सांगते, पोरांना आधी आणा. आमच्याकडं जेवणं असली की पाहुणे आणि पोरंबाळं पहिल्या पंगतीला बसतात. घरची माणसं मागाहून. आमचे हे घरचे हायत. ते शेवटच्या पंगतीला बसतील, त्यांचं काय नाय. पण पोरांना वाढा हो आधी. त्यांची पानं रिकामी हायत.”

मी रेकॉर्डिंग बंद केलं.

“चुकलं काय गो?” वहिनींनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, हे चालणार हेही कळत होतं.

चाललं म्हणजे काय, वणव्यासारखं पसरलं. मी फक्त एक केलं. खाली लिहिलं, ‘आज जेवताना एक रिकामं पान मांडा. फोटो टाका. एवढंच लिहा: आधी पोरांना वाढा.’ महिनाभरात मला एक गोष्ट कळली होती, की लोकांना नुसतं रडगाणं दिलं तर ते हळहळतात आणि पुढे सरकतात. त्यांच्या हाताला काम द्यावं लागतं, आणि ते काम जेवता जेवता जमेल इतकं सोपं असावं लागतं. संध्याकाळपर्यंत रत्नागिरीतून, चिपळुणातून फोटो आले. दुसऱ्या दिवशी पुणे, नागपूर, दुबई. केळीची पानं, पत्रावळी, स्टीलची ताटं, एका वसतिगृहातल्या पोरींनी तर अख्खी खानावळ रिकाम्या ताटांची मांडली. मी मागणी बदलू दिली नाही. कुणी मालकाला फाशी द्या म्हणायचं, कुणी सरकार पाडा म्हणायचं. मी प्रत्येकाला तेच उत्तर देई: वकिलातीला हेच एक वाक्य पाठवा, दुसरं काही नको.

टीव्हीवाले आले. वहिनींच्या ओटीवर चपलांचा ढीग लागला. वहिनी आल्यागेल्याला चहा द्यायच्या आणि कॅमेऱ्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या. पहिल्यांदा ते आपसूक आलं होतं. मग ते त्यांच्या अंगवळणी पडलं. “शेवटच्या पंगतीचं सांगा ना, ताई,” असं पत्रकार मुद्दाम सांगायचे, आणि वहिनी सांगायच्या. लोक त्यांना माऊली म्हणायला लागले होते. त्यांना ते आवडत होतं का? थोडं आवडत असावं. माणसाला आवडतंच. मीही तालुक्याला गेले की दुकानदार म्हणायचे, “ती पानांची पोस्ट तुझी ना?” आणि माझी मान ताठ व्हायची.

दिल्लीत कुणीतरी संसदेत प्रश्न विचारला. वकिलातीचा माणूस बोटीतून मर्जानावर जाऊन आला. पाणी पोचलं, डाळ-तांदूळ पोचला. आणि एका दुपारी मुंबईहून खलाशांच्या युनियनमधल्या रेगेसाहेबांचा फोन आला. हे गृहस्थ सुरुवातीपासून खटपट करत होते. मी फोन स्पीकरवर टाकला. ओटीवर आम्ही तिघीच होतो, वहिनी, जीजी आणि मी.

“सोडतायत,” रेगे म्हणाले. “येत्या आठवड्यात विमानात बसतील.”

जीजींनी तिथल्या तिथे जमिनीला डोकं टेकलं. वहिनींनी माझा दंड धरला, इतका घट्ट की वळ उठले.

“पण ऐका,” रेगे थांबले. “दहा जण. जहाज अजून कोर्टाच्या ताब्यात आहे. बंदरवाले म्हणतात, नांगरावरचं जहाज माणसाशिवाय सोडता येणार नाही. एकाला राहावं लागेल. लिलाव झाला की तोही मोकळा. महिना, दोन महिने.”

“एक कोण?” मी विचारलं.

“ते त्यांनी आपसात ठरवायचंय.”

मी साईलचं नाव मनात घेतलं. साईल नको, एवढंच म्हणाले. देवापुढे नाही, कुणापुढेच नाही, नुसतं म्हणाले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जहाजावरून फोन आला. आता वकिलातीनं त्यांना सिमकार्डं दिली होती. स्पीकरवर दत्तारामभाऊ. बऱ्याच महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला. घोगरा झाला होता, पण स्वर तोच, लग्नात वाढप्यांना हाका मारणारा.

“सुगंधा, पोरं येतायत गो! साईल, बाळू, ओमकार, सगळी!”

“आणि तुम्ही?”

“चिठ्ठ्या टाकत होते. मी म्हटलं, फेका त्या चिठ्ठ्या. माझ्या घरून निरोप आलाय.”

वहिनींनी फोन तोंडाजवळ ओढला.

“कुठला निरोप?” त्यांनी विचारलं.

“अगो, तूच सांगितलंस की! साऱ्या मुलखाला सांगितलंस. इथं सगळ्यांच्या मोबाइलवर आलाय तो. तो केरळचा इंजिनियर हाय ना, त्याला मराठी येत नाय, तरी रडला. मला म्हणतो, सारंग, तुझी बायको राणी हाय. मी पाच-सहा वेळा बघितला. काय बोललीस गो! माझी छाती अशी झाली.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नुसता अभिमान होता.

“अहो, ते... ते मी बोलायचं म्हणून...”

“महिन्याचं काम हाय. अख्खं जहाज माझं. कप्तान झालो मी!” भाऊ हसले आणि फोन तुटला.

आमच्याकडे ‘आमचं काय, आमचं होईल मागाहून’ असं जो तो म्हणतो. पाव्हण्याला संकोच वाटू नये म्हणून म्हणतो. म्हणणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, की चुलीवर घरच्यांचा भात झाकून ठेवलेला आहे. शेवटच्या पंगतीलाही पान असतं, हे धरूनच ते बोलणं असतं. वहिनींनी ते सवयीनं जगाला सांगितलं, आणि जगाच्या चुलीवर काही झाकून ठेवलेलं नव्हतं.

पोरं आली. ढोलताशे लावून गावात आणली. साईलला मी ओळखलं नाही, गालफडं आत गेलेली, पँट सुतळीनं बांधलेली. मी त्याला धरून ओक्साबोक्शी रडले आणि मला आनंद झाला, निखळ आनंद. त्या क्षणी दत्तारामभाऊ माझ्या मनातही नव्हते. देवळाच्या आवारात पंगत बसली. पोरांना मधोमध बसवलं. वाढायला वहिनी होत्या. पदर खोचून, भाताचं पातेलं काखेत धरून त्या साईलसमोर आल्या, तशी त्यानं मान खाली घातली.

“काकी, भाऊ म्हणाले...”

“जेव आधी,” वहिनी म्हणाल्या. “किती वाळलास.”

कुणीतरी तो फोटो काढला. वहिनी वाकून वाढतायत, पोरं जेवतायत. तोही पसरला, पहिल्या व्हिडिओपेक्षा जास्त. ‘पानं भरली’ असं त्याखाली लिहिलेलं. लाखभर लोकांनी हात जोडले आणि आपापल्या कामाला लागले. त्यांच्या लेखी गोष्ट संपली होती.

महिना गेला, दोन गेले. लिलावाला तारीख पडायची आणि पुढे जायची. कधी बोली लावणारा नाही, कधी न्यायाधीश रजेवर. रेगेसाहेब फोन करायचे, पण त्यांचा आवाज आता पडलेला असायचा. जनरेटरचं डिझेल संपत आलं होतं. भाऊ मोबाइल बंद ठेवायचे, रविवारी तेवढा चालू करायचे. पाण्याची बोट यायची ती कधी यायची, कधी नाही.

वहिनी एक दिवस आपणहून आमच्या घरी आल्या. “अक्षता, दुसरा व्हिडिओ करू या. आता ह्यांना आणा म्हणून सांगते.”

आम्ही केला. त्याच ओटीवर, त्याच खुर्चीत. या वेळी त्यांना काही सांगावं लागलं नाही. “पोरं आली, देवाची कृपा. आता माझ्या नवऱ्याला आणा. ते एकटे हायत. मी शेवटी म्हटलं होतं, कधीच नको असं नाय म्हटलं.” बोलता बोलता त्या रडल्या. मी तेच केलं जे आधी केलं होतं. रिकामं पान मांडा, फोटो टाका.

पानं आली नाहीत. आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तीही ओळखीच्यांची. टीव्हीवाले म्हणाले, ताई, यात नवीन काय आहे? खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘तुम्हीच म्हणालात ना, शेवटी आले तरी चालतील?’ कुणी लिहिलं, ‘आता खरा चेहरा दिसला.’ ते वाचून मला संताप आला, एकेकाला मी उत्तरं दिली, भांडले. पण त्याहून वाईट होते ते भले लोक. ‘माऊली, तुमच्या त्यागाला सलाम.’ ‘अशी वीरपत्नी घरोघरी असो.’ यांच्याशी काय भांडणार? त्यांना त्यांची माऊली हवी होती. नवरा परत मागणारी बाई त्यांना ओळखायचीच नव्हती.

“पहिला काढून टाक तो,” वहिनी म्हणाल्या. “तो दिसतो म्हणून ह्याला कुणी बघत नाय.”

मी माझा काढला. पण तोवर तो माझा कुठे राहिला होता? कुणी त्याला बासरी लावली होती, कुणी मागे सूर्योदय दाखवला होता. सकाळच्या नमस्काराबरोबर तो घरोघरी जात होता. वहिनींना तो त्यांच्या माहेरच्या ग्रुपवरही येई.

त्या रविवारी भाऊंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. साईलही होता. तो रोज वहिनींकडे जाऊन बसायचा, विहिरीचं पाणी भरून द्यायचा.

“तू दुसरा व्हिडिओ टाकलास म्हणे,” भाऊ म्हणाले. आवाज फार लांबून येत होता, मध्ये मध्ये खोकला.

“टाकला. मग काय करू?”

“नको गो असं. पोरांना वाईट वाटेल. त्यांना वाटेल, आपण आलो म्हणून हा राहिला.”

साईल उठून परसात गेला.

“तुम्ही जेवता ना?” वहिनींनी विचारलं.

“जेवतो की. एकटाच तर हाय. मीच वाढतो, मीच बसतो. पंगतीची भानगडच नाय.” ते हसायला गेले आणि खोकला लागला. “ताप हाय थोडा. जाईल. ठेवतो, बॅटरी जाते.”

पुढच्या रविवारी फोन लागला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी रेगेसाहेबांच्या मागे लागले, रेगेसाहेब वकिलातीच्या. शेवटी पाण्याच्या बोटीवरचे लोक वर चढले. भाऊ डेकवर होते, वरच्या बाजूला, जिथे नेट येतं तिथे. शेजारी मोबाइल होता. गेल्याला काही दिवस झाले होते, असं त्यांनी कळवलं. किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही आणि वहिनींनी विचारलं नाही.

आता जहाजावर कुणी नव्हतं, तरी बंदरवाल्यांचं काही अडलं नाही.

पेटी यायला खूप दिवस लागले. अग्नी पुतण्यानं दिला. मग तेरावं आलं. गाव लोटला होता. मोबाइलवर आधी सलाम ठोकणारे काही बाहेरगावचे लोकही आले होते, त्यातल्या एकानं हार आणला होता, कुणाला घालायचा ते त्याला कळेना. परसात मांडव घातलेला. पहिल्या पंगतीला पोरं बसली होती, साईल, बाळू, ओमकार. त्यांना तिथे बसायचं नव्हतं, पण मोठ्यांनी बसवलं. वहिनी स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आल्या. कुणी म्हणालं, तुम्ही बसा, आम्ही वाढतो. त्यांनी ऐकलं नाही. पायांना सवय होती, त्या सरळ चालत साईलच्या पानाशी गेल्या आणि वाकल्या. हातातल्या डावात भात होता.

“सुगंधा,” मागून जीजींनी हाक मारली.

वहिनी वाकलेल्याच थांबल्या.

जीजी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात केळीचं पान होतं, धुतलेलं, त्यावरून पाणी निथळत होतं. मांडवाबाहेर, तुळशीपलीकडे, कावळ्यासाठी शेणानं सारवून जागा केली होती.

“आज आधी त्याचं पान वाढायचं असतं गो.”

वहिनी सरळ झाल्या. त्यांनी डावाकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आता कोसळतील. पण त्या जीजींकडे बघून, खरोखरच न कळून विचारावं तसं म्हणाल्या, “आणि पोरं?”

“पोरं मागाहून,” जीजी म्हणाल्या.